सात फुटांतला ढाळ

मुलांनो, आधी माझ्याबरोबर एक कल्पना करा. सिमेंटचं एक गोल वर्तुळ आहे, सात फूट रुंद. त्यात तुम्ही मैदानाकडे पाठ करून उभे आहात. उजव्या हातात तीन किलोचा लोखंडी गोळा आहे, मानेला टेकवलेला, गार. आता डाव्या पायाच्या चवड्यावर गिरकी घ्यायची, उजवा पाय लांबून फिरवत वर्तुळाच्या मधोमध टेकवायचा, त्याच्यावर पुन्हा गिरकी घ्यायची, आणि सगळं अंग उलगडत गोळा भिरकावायचा. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. मग खरी परीक्षा. तिथंच थांबायचं. पाऊल वर्तुळाबाहेर पडलं, की फेक बाद.

जमलं? कल्पनेत सगळ्यांनाच जमतं. ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात, म्हणजे अजून पंधरा-वीस वर्षांनी, ते खरोखरीसुद्धा पुष्कळांना जमायला लागलं होतं. कारण तोवर तोलक आला होता.

तोलक कळायला आधी कान कळायला हवा. प्रत्येक कानाच्या आत, अगदी हाडात, तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं फिरलं की नळी फिरते, पण पाणी जरा मागं रेंगाळतं. त्यानं तिथले केसांसारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण फिरतोय. गिरकी थांबली की नळी थांबते, पाणी मात्र अजून थोडं फिरतच असतं. म्हणून तर फेर धरून थांबल्यावर आपल्याला झाडं पळताना दिसतात. नळ्यांच्या शेजारीच एका मऊ गादीवर चुनखडीचे कण बसलेले असतात. डोकं कललं की ते सरकतात आणि खाली कुठं, वर कुठं, ते सांगतात.

तोलक ही कानामागं चिकटवायची टिकलीएवढी चकती. ती डोक्याचं हलणं मोजायची, आणि तोल जातोय असं दिसलं की तोलाच्या नसेला विजेचा इतका हलका स्पर्श करायची, की तो कळायचाही नाही. पाय आपोआप सावरायचा. आधी ती वरचेवर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी निघाली, मग शाळांच्या मैदानांवर आली. तिची खुबी अशी, की ती शिकायची. जी फेक नीट उभ्यानं संपली, ती लक्षात ठेवायची. अशा दोनशे फेकी झाल्या, की पुढं ती तुमच्या अंगाला त्याच वाटेवर ठेवायची.

नागझरवाडीच्या शाळेत असे तोलक चौदा मुलींना मिळाले होते. त्यांत सगळ्यांत लांब गोळा जायचा तो दुर्वा कुसाळकरचा. दुर्वा चौदा वर्षांची, खांद्यानं भक्कम, बोलायला कमी. राज्य स्पर्धेत तिची निवड झाली होती आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

सरावासाठी म्हणून तांबोळी मॅडम तिला सांगलीच्या मोठ्या मैदानावर घेऊन गेल्या. मॅडम म्हणजे शाळेच्या खेळाच्या शिक्षिका; गळ्यात शिट्टी, हातात टॅब, आणि आवाज असा की शिट्टीची गरज नाही. तिथं दुर्वानं सहा फेकी केल्या. पाच बाद. प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी ती डावीकडं कलंडायची.

"घाई करतेस का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई हो मॅडम. मी बरोबर उभी ऱ्हाते, आणि मग कुणीतरी ढकलल्यागत होतं."

मॅडमनी टॅबवर तोलकाची नोंद बघितली, पुन्हा बघितली. "खरं आहे गं. तोलकच ढकलतोय तुला. दरवेळी डावीकडं. शाळेतही ढकलतो, पण तिथं तू पडत नाहीस! हे काय गौडबंगाल?"

त्या संध्याकाळी दुर्वा शाळेच्या मैदानावर आली, तेव्हा आप्पा वर्तुळ धूत होते. आप्पा म्हणजे तिचे वडील. पंचक्रोशीतले नावाजलेले गवंडी. शाळेचं हे वर्तुळ तीन वर्षांपूर्वी त्यांनीच केलं होतं, मजुरी न घेता, लेकीसाठी. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते मोठ्या आजारात पडले. जी इंजेक्शनं घ्यावी लागली त्यांनी जीव वाचवला, पण कानातले तोलाचे तंतू गेले. आता कानामागं तोलक होता म्हणून ते चालत होते. परांचीवर मात्र चढत नव्हते, आणि थापीलाही हात लावत नव्हते. "गवंड्याला सपाट कळंना झालं, म्हंजे त्यानं घरी बसावं," असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. राहिलं होतं ते हे वर्तुळ. ते रोज त्यावर बादलीभर पाणी मारायचे.

"बघ, बघ कसं पळतंय!" आप्पांनी बादली उपडी केली. पाणी सिमेंटवरून सरसर निघालं आणि कडेच्या फटीतून शेवग्याच्या झाडाकडं गेलं. "थेंब ऱ्हात न्हाई. इंजिनेरांच्या गच्चीवर डबकी साचत्यात डबकी!"

पाणी उजवीकडं गेलं होतं. सगळंच्या सगळं उजवीकडं. दुर्वा नुसती बघत राहिली.

"काय गं, काय झालं?"

"काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्तुळात मोबाईल ठेवून उतार मोजला. सात फुटांत एक इंच.

"अल्ला!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी त्यांना सपाट म्हणाले होते. तीनदा."

"मग आप्पा काय म्हनले?"

"हो म्हणाले. हसून."

एवढा थोडा उतार माणसाच्या पायाला कळत नाही. पण अंग न कळताच चढाच्या बाजूला, म्हणजे डावीकडं, किंचित झुकतं. तोलकाला ते झुकणं दिसलं होतं. दोनशे फेकींत त्यानं तेच पाठ केलं होतं: शेवटी डावीकडं झुकायचं असतं. सांगलीचं वर्तुळ सपाट होतं. तिथंही बिचारा इमानेइतबारे तिला डावीकडं ढकलत राहिला.

"आता ऐक," मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला म्हणजे गोष्ट गंभीर. "स्पर्धेच्या आठ दिवस आधी तोलकाला सील लागतं. मग त्याला काही शिकवता येत नाही, पुसता येत नाही. तोवर मी तुला रोज गाडीवरून विट्याला नेते. तिथलं वर्तुळ सपाट आहे. तोलक कोरा करू आणि पुन्हा शिकवू. आप्पांना सांगायलाच नको."

दुर्वाला ते पटलं. सांगितलं असतं तर आप्पांना काय वाटलं असतं, ते तिला ठाऊक होतं. आजाराच्या आधी दोन महिने केलेलं काम! म्हणजे तेव्हाच हात चुकायला लागला होता, असंच ते धरून चालले असते. त्यांचं शेवटचं काम. ज्याच्याकडं बघून ते जेवत होते म्हणा ना.

दोन दिवस ती विट्याला गेली, तोलक कोरा करण्याआधी सपाटाचा अंदाज घ्यायला, आणि घरी सांगितलं, शाळेत जादा तास आहेत.

तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "आज तू न्हवतीस मैदानात. सहावीतल्या आरूला पैल्यांदा फिरकी जमली. मी टाळ्या वाजवल्या. पोर डावीकडं जरा कलती, पन जमवली तिनं."

दुर्वाचा घास हातातच राहिला. आरू. तिच्यामागं आणखी बाराजणी. सगळ्यांच्या कानात तोच एक इंच चालला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "वर्तुळ सपाट न्हाई."

आईनं वाढता वाढता हात थांबवला. आप्पा ताठ बसले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक इंच."

"कुठल्या अंगाला?"

"शेवग्याच्या."

आप्पांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, आणि मग ते हसायलाच लागले. ठसका लागेपर्यंत हसले. "मग बरोबर हाय की! एकच इंच दिलाय मी. मोजून दिलाय!"

"मुद्दाम?"

"मग? ढाळ न देता जमीन करायला मी काय खुळा हाय? तुझी मॅडम म्हनली, सपाट. मी म्हनलं, हां, सपाट. गवंड्याचं सपाट म्हंजे पानी निघून जाईल एवढं सपाट. मोरी घे, ओटा घे, अंगण घे. ढाळ न्हाई तिथं शेवाळ."

दुर्वाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिनं सांगलीचं सगळं सांगितलं, तसं आप्पांचं हसू हळूहळू ओसरलं.

"म्हंजे माझ्या ढाळानं पडलीस तू."

"तुमचं चुकलं न्हाई, आप्पा. यंत्राला काय म्हाईत ढाळ कशाला असतो? मॅडम म्हनत्यात, कानात पान्याच्या नळ्या असत्यात. एका कानात तीन."

आप्पांनी मान वर केली. गवंड्यांकडं सपाटी बघायला पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते. दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, दोन्हीकडं पाणी एका उंचीला येतं. "म्हंजे आपल्या लेव्हलच्या नळीगत?"

"तसंच. सहा नळ्या."

"आनि माझ्या नळ्यातलं पानी आटलं म्हन की."

"पानी हाय. ते बघणारं आत कुनी ऱ्हायलं न्हाई."

"दुसरा गवंडी बघा," आप्पा ताटाकडं बघत म्हणाले. "फोडून नवं करायचं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई आता."

"बघू की," आई आमटी वाढत म्हणाली. "पन दुसरा गवंडी बी ढाळच देईल."

जेवण झाल्यावर आप्पांनी कोनाड्यातली लेव्हलची नळी काढली.

दुर्वानं मॅडमना सांगून टाकलं, विट्याला जायचं नाही. मॅडम रागावल्या. बोटांवर दिवस मोजून दाखवले. फोडायला एक दिवस, ओतायला एक, आणि सिमेंट पक्कं व्हायला निदान आठ. म्हणजे वर्तुळ तयार होणार ते नेमकं सील लागायच्या दिवशी. तोलकाला शिकवायला एक सकाळ मिळणार, आणि दोनशे फेकी एका सकाळीत होत नाहीत.

"इथं मी असंन तरच आप्पा काम करतील," दुर्वा म्हणाली. "नळीचं दुसरं टोक कुनी धरायचं?"

मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पहार घेऊन आल्या.

आप्पा गुडघ्यांवर बसून काम करत होते. ओल्या सिमेंटवर लांब पट्टी ओढायची, थापीनं गुळगुळीत करायचं, आणि दर वीतभर अंतरावर विचारायचं.

"तुझ्याकडं कुठं हाय पानी?"

"खुणेवर."

"नीट बघ."

"खुणेवर हाय, आप्पा."

"डोळा पान्याच्या बरोबरीनं आन. वरनं काय बघतीस?"

दुर्वा मातीत पालथी पडली. "केसभर वर."

"आता कसं!" आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ते केसभर घासून काढलं. पाणी जायला मॅडमनी कडेनं बारीक भोकं ठेवायला सांगितली होती, तेवढी नियमात चालतात. आप्पांना ती अजिबात पसंत नव्हती. "फडक्यानं पुसत बसा आता," असं ते दिवसभरात चारदा म्हणाले.

मग ओली पोती टाकून वर्तुळ झाकलं. आप्पा दिवसातून चार वेळा त्यावर पाणी मारत होते, आणि शाळेच्या हॉलमधल्या फरशीवर दुर्वा फिरत होती. गोळा नाही, तोलक नाही. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही हात त्यावर. डाव्या चवड्यावर पाव गिरकी, आणि पुतळ्यासारखं थांबायचं. एक, दोन, तीन. मग अर्धी गिरकी. गुडघा वाकलेला, नजर समोरच्या खिडकीच्या चौकटीवर, उजवा पाय घाई न करता लांबून.

पहिल्या दिवशी तिला पाव गिरकीतही थांबता येईना. दुपारी उलटी झाली.

"असं होणारच," मॅडमनी पाणी दिलं. "तोल राखायला मेंदू तिघांचं ऐकतो: कान, डोळे आणि तळपाय. वर्षभर तोलकच सगळं सांगत होता, म्हणून तुझ्या मेंदूनं त्या तिघांना विचारणंच सोडलं. आता पुन्हा ओळख करून घ्यायला लागेल."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही, दुर्वे. खरंच नाही."

चौथ्या दिवशी पाव गिरकी थांबली. सहाव्या दिवशी अर्धी. आठव्या दिवशी तिनं काठी टाकून पूर्ण फिरकी घेतली. थोडी हलली, पण फरशीच्या त्याच चौकोनात राहिली. दारात उभ्या असलेल्या आरूनं शिट्टी घातली.

सील लागायचा दिवस उजाडला. सकाळीच पोती काढली. वर्तुळ राखाडी, कोरं, सुंदर दिसत होतं. आप्पा त्यात उतरले, मधोमध उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"डावीकडं पडलंय," ते म्हणाले.

"न्हाई आप्पा. नळीनं बघितलंय आपन."

"मला कळतंय ना! पाय सांगतोय. डावी बाजू खाली गेलीया. म्हनत होतो मी, माझ्या हाताला सपाट कळत न्हाई म्हनून. पहार आना. फोडू परत."

मॅडम काही बोलणार होत्या, पण दुर्वानं हात वर केला. ती विचार करत होती. आप्पांचा तोलक दोन वर्षं कुठं शिकला होता? घरात आणि अंगणात. आणि ते घर, ते अंगण कुणी केलं होतं?

"आप्पा," ती म्हणाली, "आपल्या अंगनाला ढाळ कुठल्या अंगाला हाय?"

"उजवीकडं. विहिरीच्या…" आप्पा थांबले.

"तुमच्या तोलकाला बी ढाळच ठावं हाय. त्याला सपाट कधी कुनी दावलंच न्हाई."

मग दुर्वानं गोळा आणला आणि वर्तुळाच्या मधोमध, गुळगुळीत सिमेंटवर, अलगद ठेवला. हात काढला.

गोळा थांबला. लोखंडाचा तो गोल गोळा, ज्याला नुसती फुंकरही पुरली असती, तो जिथं ठेवला तिथंच बसून राहिला. आप्पा गुडघ्यावर बसले. त्यांनी बोटानं तो जरासा हलवला. तो बोटभर सरकला आणि पुन्हा थांबला. दुसऱ्या बाजूला हलवला. तिकडंही थांबला. लहान मूल खेळतं तसे ते कितीतरी वेळ त्याच्याशी खेळत होते. मग त्यांनी तळवा सिमेंटवर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"बघणारं आत कुनी न्हाई," ते हळूच म्हणाले, "पन हात हाय की."

नंतर दुर्वानं फेकायला सुरुवात केली. तोलक कानाला नव्हता. पहिली फेक बाद. दुसरी फेक बाद. वर्तुळाच्या पुढच्या कडेला असते त्या थांबपट्टीवर पाय पडला. तिसरी टिकली. नऊ मीटर सत्तर. तोलक लावून ती अकरा मीटरच्या पुढं फेकत होती.

मॅडम स्पर्धेचा अर्ज घेऊन आल्या. "पाच वाजेपर्यंत पाठवायचाय. खोटं सांगणार नाही. जुना तोलक लावलास, तर फेक लांब जाईल पण तिथल्या सपाट वर्तुळात तू पडशील. तोलकाशिवाय गेलीस, तर पडणार नाहीस कदाचित, पण पहिल्या आठात येणं अवघड. आणि पुढच्या वर्षी जायचं ठरवलंस, तर एकही मुलगी तुझ्याइतकी तयार नसेल. तूच सांग."

दुर्वानं आप्पांकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नगंस," आप्पा म्हणाले. "माझ्या कानाचं काय खरं हाय?"

दुर्वा पुन्हा वर्तुळात गेली. गोळा मानेला टेकवला, गुडघे वाकवले. डावा चवडा फिरला, उजवा पाय लांबून आला, मधोमध टेकला, पुन्हा फिरला, आणि गोळा सुटला. तो कुठं पडला ते तिनं बघितलं नाही. डोकं गरगरत होतं. शेवगा, शाळा, आरू, मॅडम, सगळं एका दिशेनं वाहत होतं. तिनं ते वाहू दिलं. सहा नळ्यांतलं पाणी संथ होईपर्यंत ती एका पायावर तशीच उभी राहिली. तळपायाखाली सिमेंट गार होतं आणि कुठल्याच बाजूला ओढत नव्हतं.

मग जग थांबलं. गोळाफेकीत वर्तुळातून बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्या भागातूनच, तसा नियमच आहे. ती वळली आणि मागच्या बाजूनं, जिथं आप्पा उभे होते तिथं, बाहेर आली. फेक दहा मीटरलाही पोचली नव्हती.

तिनं मॅडमच्या हातातून अर्ज घेतला, 'तोलकाविना' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि पालकाच्या सहीसाठी तो आप्पांपुढं धरला. आप्पा खिशात चष्मा चाचपायला लागले. तेवढ्यात ती गोळा आणायला मैदानात पळाली.